बाकावरचा पगार की मैदानावरची मिनिटे? गोमंतकीय फुटबॉलपटूंपुढचा पेच

फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर २० मार्च २०२२ रोजी इंडियन सुपर लीग अर्थात आयएसएलचा अंतिम सामना झाला. हैदराबाद एफसी आणि केरळ ब्लास्टर्स हे दोन्ही संघ गोव्याबाहेरचे. पण सामन्याचे पारडे फिरवले ते दोघा गोमंतकीयांनी. केरळ एका गोलने पुढे असताना ८८व्या मिनिटाला साहिल ताव्होराने बरोबरी साधली, आणि साहिल त्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरला होता. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमणीने केरळचे तीन फटके अडवले. हैदराबादने शूटआउट ३-१ असा जिंकून पहिल्यांदाच करंडक उचलला.

याच कट्टीमणीने याच मैदानावर २० डिसेंबर २०१५ रोजी एफसी गोवाच्या गोलपोस्टमध्ये उभे राहून चेन्नईयनविरुद्धचा अंतिम सामना खेळला होता. ८७व्या मिनिटाला २-१ अशी आघाडी मिळाली तेव्हा गोव्याचा विजय निश्चित वाटत होता. नव्वदाव्या मिनिटाला चेंडू जाळ्यात गेला आणि अधिकृत नोंदीत तो कट्टीमणीचा स्वयंगोल ठरला. भरपाई वेळेत चेन्नईयनच्या मेंडोझाने विजयी गोल केला आणि गोव्याच्या हातातोंडाशी आलेला घास गेला.

या दोन रात्रींमध्ये सव्वासहा वर्षांचे अंतर आहे. त्या काळात एफसी गोवाने महंमद नवाझ, नवीन कुमार यांच्यावर भिस्त ठेवायला सुरुवात केली आणि कट्टीमणीची जागा बाकाकडे सरकू लागली. घरचा क्लब, ओळखीचे मैदान, नियमित पगार हे सारे तसेच राहिले असते. फक्त खेळणे कमी झाले असते. २०१९मध्ये तो नव्याने उभ्या राहिलेल्या हैदराबादकडे गेला. तेथेही पहिल्या क्रमांकाची जागा कोणी ताटात वाढून ठेवलेली नव्हती, ती झगडून मिळवावी लागली. २०२२ची ती रात्र त्या निर्णयाशिवाय घडली नसती.

व्यावसायिक फुटबॉलपटूला हा प्रश्न कारकिर्दीत एकदा तरी पडतोच. मोठ्या क्लबमध्ये चांगल्या मानधनावर राखीव म्हणून राहायचे, की कमी पैशांत, लहान क्लबमध्ये, पण दर आठवड्याला खेळायचे? क्रीडारसिक बहुधा याचे उत्तर एका वाक्यात देऊन टाकतात: खेळाडूने खेळले पाहिजे. ज्याला घर चालवायचे आहे आणि ज्याची कमावती वर्षे जेमतेम बारा-पंधरा आहेत, त्याला ते उत्तर इतके सोपे वाटत नाही.

गोलरक्षकाचे दुखणे वेगळे

राखीव बाक सर्वांना सारखा नसतो. बगलेवरचा आघाडीपटू किंवा मध्यरक्षक बाकावर असला तरी साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला त्याला बोलावणे येण्याची शक्यता असते. कोविडकाळात, २०२०मध्ये, तीनऐवजी पाच बदली खेळाडूंची तात्पुरती मुभा मिळाली आणि २०२२मध्ये ती नियमांत कायम झाली. तेव्हापासून बदली खेळाडू हे एक स्वतंत्र कामच झाले आहे. साहिल ताव्होराचा गोल हे त्याचे आपल्या अंगणातले उदाहरण.

गोलरक्षकाला यातले काहीच लागू पडत नाही. त्याची जागा एकच. पहिला गोलरक्षक जखमी झाला, त्याला लाल कार्ड मिळाले किंवा त्याचा सूर पार हरवला, तरच दुसऱ्याची पाळी येते. संपूर्ण हंगाम सराव करून एकही सामना न खेळलेले गोलरक्षक प्रत्येक लीगमध्ये आढळतात. शिवाय गोलरक्षकाची कला सरावात पुरती टिकत नाही. क्रॉसवर बाहेर पडायचे की रेषेवर थांबायचे, हा निर्णय गर्दीत, दमलेल्या बचावफळीमागे उभे राहूनच पक्का होतो.

म्हणूनच क्लब दुसऱ्या गोलरक्षकाला चांगले पैसे मोजतात. तो विम्याच्या हप्त्यासारखा खर्च असतो. गरज पडू नये अशी सर्वांचीच इच्छा. पण गरज पडलीच तर नवखा मुलगा उभा करून चालत नाही. त्यामुळे अनुभवी, शांत डोक्याच्या, बाकावर कुरकुर न करणाऱ्या गोलरक्षकाला बाजारात भाव असतो. मँचेस्टर सिटीचा स्कॉट कार्सन याचे टोकाचे उदाहरण. २०१९ ते २०२५ या काळात तो जगातल्या सर्वांत श्रीमंत संघांपैकी एकात होता, २०२३च्या तिहेरी विजेतेपदातही तो संघाचा भाग होता, आणि क्लबसाठी प्रत्यक्षात खेळला अवघे दोन सामने. तो तेथे गेला तेव्हा तिशी ओलांडलेला, इंग्लंडकडून खेळून झालेला होता. त्याने काही गमावले, असे म्हणता येणार नाही.

वय हेच या साऱ्या हिशेबाचे मूळ आहे. पस्तिशीच्या गोलरक्षकाला बाकावरची जागा म्हणजे कारकिर्दीची सन्मानाची संध्याकाळ. कट्टीमणी स्वतः २०२४मध्ये, वयाच्या पस्तिशीत, एफसी गोवाकडे परतला. त्याच हंगामात तरुण हृतिक तिवारी गोलपोस्टमध्ये स्थिरावत होता, आणि त्याच्या शेजारी अनुभवी हात असण्याला अर्थ होता. तीच जागा बाविशीच्या मुलाला मिळाली तर मात्र त्याच्या खात्यात पगार जमा होतो आणि नावापुढच्या रकान्यात शून्य. पुढचा करार ठरवताना प्रशिक्षक व क्लबचे अधिकारी आधी तो रकाना पाहतात.

बाकावरून उठलेले आणि बाकावर गेलेले

अलीकडच्या इतिहासात एफसी गोवाला या पेचाचा सर्वाधिक लाभ झाला तो २०२१च्या जानेवारीतील ट्रान्स्फर विंडोत. चर्चिल ब्रदर्सकडून खेळून कोलकात्याच्या एटीके मोहन बागानमध्ये गेलेला गोमंतकीय मध्यरक्षक ग्लॅन मार्टिन्स तेथे फारसा खेळत नव्हता. एफसी गोवाने आपला अनुभवी मध्यरक्षक लेनी रॉड्रिग्स देऊन ग्लॅनला घेतले. ग्लॅनला येथे मिनिटे मिळाली, एप्रिलमध्ये आशियाई पातळीवर खेळायला मिळाले आणि जूनमध्ये कतारविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात त्याने भारताकडून पदार्पण केले. जानेवारीत बाकावर, जूनमध्ये राष्ट्रीय संघात. मधल्या पाच महिन्यांत त्याचे कौशल्य काही दुप्पट झाले नव्हते. ते दिसायला जागा मिळाली, एवढेच.

त्याच विंडोत, त्याच क्लबमधून, गोलरक्षक धीरज सिंग मोइरंगथेमही गोव्यात आला. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या गोलपोस्टमध्ये उभा राहिलेला हा मणिपुरी मुलगा पुढे कोलकात्यात अरिंदम भट्टाचार्य याच्यामागे राखीव होता. २०२१च्या एप्रिलमध्ये एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. फातोर्ड्यात कतारचा अल रय्यान आणि अमिरातीचा अल वाहदा या संघांना पहिल्या दोन सामन्यांत गोव्याने गोलशून्य बरोबरीत रोखले, त्यात धीरजचा वाटा सर्वांत मोठा होता. प्रेक्षकांविना झालेले ते सामने आपण घरी बसून पाहिले. नाहीतर फातोर्ड्याने त्याला खांद्यावर घेतले असते.

धीरजची कथा मात्र येथे गोड शेवट करून थांबत नाही. पुढच्या हंगामांत एफसी गोवात अर्शदीप सिंग आला आणि धीरज पुन्हा मागे पडला. २०२४मध्ये तो मोहन बागानकडे गेला, जेथे विशाल कैथ भक्कमपणे पहिल्या क्रमांकावर होता. म्हणजे पुन्हा मोठा क्लब, पुन्हा बाक. मोहन बागानने त्या हंगामात लीग ढाल आणि करंडक दोन्ही जिंकले. ही निवड चूक की बरोबर, याचा निवाडा बाहेरून करणे सोपे असले तरी न्याय्य नाही. खेळाडू एकदाच निवड करून मोकळा होत नाही, दर दोन-तीन वर्षांनी तोच प्रश्न नव्या वयात त्याच्यासमोर येतो.

सुनील छेत्रीच्या कारकिर्दीतही गोवा याच वळणावर येतो. २०१२मध्ये तो पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबकडे गेला, तेव्हा पोर्तुगीज फुटबॉलशी जुने नाते असलेल्या गोव्यातही त्याचे कौतुक झाले. प्रत्यक्षात तो ब संघाकडून मोजकेच सामने खेळला. २०१३च्या फेब्रुवारीत तो लोनवर चर्चिल ब्रदर्सकडे आला, आणि त्या हंगामाच्या अखेरीस आय-लीगचे विजेतेपद मडगावला आले. पुढे बेंगळुरू एफसीच्या पहिल्याच हंगामात त्याने पुन्हा आय-लीग जिंकली. लिस्बनच्या बाकावर आणखी दीड वर्ष काढले असते तर नावाची झळाळी राहिली असती. गोल मात्र झाले नसते.

याउलट उदाहरणही नोंदवले पाहिजे. गुरप्रीत सिंग संधूने २०१४मध्ये ईस्ट बंगाल सोडून नॉर्वेचा स्टाबेक क्लब गाठला. तेथे तो दीर्घकाळ दुसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक होता. तरीही ३० जून २०१६ रोजी युरोपा लीगच्या पात्रता सामन्यात खेळून तो त्या स्पर्धेत उतरलेला पहिला भारतीय ठरला, आणि २०१७मध्ये परतल्यावर वर्षानुवर्षे भारताचा पहिला गोलरक्षक राहिला. बाकावरचा काळ त्याने शिकवणीसारखा वापरला. पण त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागल्या: रोजचा सराव घरच्यापेक्षा खूप वरच्या दर्जाचा होता, आणि राष्ट्रीय संघाने त्याला विसरू दिले नाही. बाक देशातलाच आणि सराव आधीच्याच दर्जाचा असेल, तर गुरप्रीतचा दाखला देणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे.

जगातले सर्वांत ठळक उदाहरण गोव्यातल्या अर्जेंटिनाप्रेमींना ठाऊकच आहे. एमिलियानो मार्टिनेझ २०१०पासून आर्सेनलमध्ये होता. सहा वेगवेगळ्या क्लबांत लोनवर फिरला. २०२०च्या उन्हाळ्यात पहिला गोलरक्षक जखमी झाल्यावर संधी मिळाली आणि त्याने एफए कप जिंकून दिला. तरीही पहिल्या क्रमांकाची हमी मिळेना, तेव्हा त्याने २८व्या वर्षी अॅस्टन व्हिला गाठले. पुढच्या वर्षी अर्जेंटिनाकडून पदार्पण, लगोलग कोपा अमेरिका आणि २०२२मध्ये विश्वचषक.

गोव्यात मधली पायरीच निघाली

इथवरची चर्चा देशातल्या कोणत्याही खेळाडूला लागू पडेल. गोव्यातल्या खेळाडूची अडचण यापेक्षा खोल आहे. निवड करायला दोन पर्याय लागतात, आणि त्यातला एक गेल्या दशकात आपल्या डोळ्यांदेखत आकसला.

२०१३-१४च्या आय-लीगमध्ये गोव्याचे चार क्लब होते: धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा. म्हणजे देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये गोव्याच्या भूमीवर पहिल्या गोलरक्षकाच्या चार जागा. डाव्या बचावपटूच्या चार, बचावात्मक मध्यरक्षकाच्या किमान चार. एका क्लबमध्ये बाकावर बसावे लागले तर दुसरा क्लब अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असे. घर बदलावे लागत नसे, मुलांची शाळा बदलावी लागत नसे. पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्या धेंपोचा सुवर्णकाळ या दाट शेजारामुळेच शक्य झाला, असे माझे मत आहे. चांगल्या खेळाडूंना आसपास खेळायला जागा होती, म्हणून चांगले खेळाडू आटले नाहीत. गोव्याने २०१२मध्ये फुटबॉलला राज्य खेळ घोषित केले ते याच वैभवाच्या भरात.

२०१४मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा ती दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा होती आणि अनेक भारतीय खेळाडू आय-लीग क्लबांकडून लोनवर तिच्यात खेळत. ती व्यवस्था खेळाडूच्या दृष्टीने बरीच सोयीची होती. आयएसएलमध्ये मैदानावर सहा परदेशी खेळाडूंना मुभा असल्याने भारतीयाला तेथे बाक मिळाला, तरी उरलेल्या महिन्यांत स्वतःच्या क्लबकडून खेळता येई. पैसा एकीकडून, मिनिटे दुसरीकडून.

२०१६मध्ये ती घडी विस्कटली. आयएसएलला सर्वोच्च स्थान देऊन आय-लीगला खालच्या पायरीवर नेण्याच्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या आराखड्याचा निषेध म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंगने आय-लीगमधून अंग काढले. द्वितीय विभाग जिंकून पात्र ठरलेल्या धेंपोनेही तोच मार्ग धरला. क्लबांच्या निषेधात तथ्य होते. ज्या लीगमधून वर चढायला शिडी नाही तिच्यावर कोट्यवधी का खर्चावेत, या प्रश्नाला महासंघाकडे पटण्याजोगे उत्तर नव्हते. किंमत मात्र खेळाडूंनी मोजली. वर एफसी गोवा, खाली गोवा प्रो लीग, आणि मध्ये एकटे चर्चिल ब्रदर्स. त्यानंतर एफसी गोवाच्या बाकावर बसलेल्या मुलाला ‘खेळायचे असेल तर जा’ असे सांगणे म्हणजे बहुधा ‘गोवा सोडून जा’ असे सांगणे झाले.

आयएसएलमधील परदेशी खेळाडूंची मर्यादा पुढे कमी होत गेली: २०१७-१८पासून मैदानावर पाच, २०२१-२२पासून चार. त्यामुळे सात भारतीयांना जागा मिळू लागली. धेंपोने २०२४मध्ये समीर नाईक याच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा आय-लीगमध्ये प्रवेश मिळवला, ही दुसरी दिलासादायक घटना. २०२४-२५मध्ये आय-लीगमध्ये धेंपो आणि चर्चिल असे गोव्याचे दोन संघ होते. चाराच्या जागी दोन. पण एकापेक्षा बरे.

करारात काय पाहावे

पालक आणि तरुण खेळाडू बहुतेकदा एकच आकडा विचारतात: वर्षाला किती? त्या आकड्याइतकेच महत्त्वाचे असते ते त्याचे विभाजन. मूळ मानधन किती आणि सामना खेळल्यावर मिळणारी रक्कम किती, हे वेगळे करून पाहिले की ‘मोठा’ करार कधी कधी बराच लहान दिसतो. लोनवर जाऊ देण्याची तरतूद, ठरावीक रकमेत करारमुक्त होण्याचे कलम आणि क्लबच्या एकतर्फी मुदतवाढीचा हक्क, ही तीन कलमे सही करण्यापूर्वी जाणकाराकडून वाचून घ्यावीत.

जागतिक महासंघ फिफाच्या नियमांत बाकावरच्या खेळाडूसाठी एक दार ठेवलेले आहे, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू एका हंगामात आपल्या क्लबच्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळला असेल, तर क्रीडाविषयक सबळ कारण दाखवून तो मुदतीपूर्वी करार संपवू शकतो. क्लबच्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर १५ दिवसांच्या आत हा हक्क बजावावा लागतो, खेळाडूची एकंदर परिस्थिती तपासली जाते, आणि क्लबला भरपाई द्यावी लागू शकते. प्रशिक्षण काळ पूर्ण न झालेल्या अगदी तरुण मुलांना हे दार उघडत नाही. लोनबाबतही फिफाने २०२२पासून बंधने आणली. लोनची मुदत एका वर्षापेक्षा जास्त नसावी, लोनवर घेतलेला खेळाडू पुढे तिसऱ्या क्लबला देता येऊ नये, आणि आंतरराष्ट्रीय लोनची संख्या मर्यादित असावी, हा त्यांचा गाभा. मोठ्या क्लबांनी डझनावारी खेळाडू करारबद्ध करून जगभर फिरवत ठेवण्याला त्यामुळे थोडा लगाम बसला.

२०२५च्या घडामोडींनी या हिशेबातले एक गृहीतक हलवले. बाकावरची जागा निवडणारा खेळाडू खेळाच्या बदल्यात निश्चिंती घेत असतो. पैसे वेळेवर येतील, हा त्या सौद्याचा पाया. आयएसएलच्या हक्कांच्या कराराचा तिढा न सुटल्याने जुलै २०२५मध्ये पुढचा हंगाम स्थगित झाला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीसारख्या सुस्थितीतल्या क्लबने पहिल्या संघाचे वेतन थांबवत असल्याचे जाहीर केले. छेत्रीचा क्लब ही पाळी आणतो, तेव्हा राखीव गोलरक्षकाने कोणत्या हमीवर विसंबावे? अशा वेळी उपयोगी पडणारा फिफाचा नियम असा: दोन महिन्यांचे वेतन थकल्यास खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यावी, किमान १५ दिवसांची मुदत द्यावी, आणि तरीही पैसे न मिळाल्यास त्याला सबळ कारणास्तव करार संपवता येतो. तक्रार महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीकडे नेता येते. भारतीय फुटबॉलपटूंची संघटना एफपीएआय त्यात मार्गदर्शन करते. तोंडी आश्वासनांचा येथे काही उपयोग नाही. पगाराच्या तारखा, बँकेचे उतारे आणि क्लबशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवणारा खेळाडूच या वाटेने जाऊ शकतो.

करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू पुढच्या हंगामासाठी दुसऱ्या क्लबशी करार करायला मोकळा होतो. मे महिन्याच्या अखेरीस करार संपत असेल, तर ही मोकळीक डिसेंबरपासून मिळते. बाकावरच्या खेळाडूने तोवर काही सामने पदरात पाडून घेतलेले असावेत: राखीव संघाकडून प्रो लीगमध्ये, कप स्पर्धेत, मिळतील तेथे. डिसेंबरात फोन करणारा क्लब पहिली चौकशी त्याचीच करतो.